आरोपीच्याच शब्दांत

हात जोडून "गुन्हा कबूल आहे" म्हणणाऱ्या माणसाला "कशावरून?" असं उलट विचारणारा न्यायाधीश मी आयुष्यात एकच पाहिला. आणि नशीब बघा माझं, सरकारी वकील म्हणून इंदापूरला बदली झाली ती नेमकी त्यांच्याच कोर्टात.

माझं घर बारामतीत, सासर काटेवाडीचं. सकाळी उठून डबे करायचे, एसटी पकडायची, काटेवाडीच्या थांब्यावर सासूबाईंनी पाठवलेली भाजीची पिशवी खिडकीतून आत ओढून घ्यायची आणि ती मांडीवर घेऊन इंदापूर गाठायचं. मेथीच्या काड्या काळ्या कोटाला चिकटलेल्या, अशा थाटात मी रोज सरकारची बाजू मांडायला उभी राहत असे. साहेबांनी पहिल्याच दिवशी ते पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, कोटावर पुरावा राहिलाय." मला वाटलं, माणूस मजेशीर दिसतोय, आपलं जमेल. पुढचे कितीतरी महिने जमलं नाही.

कारण सांगते. छोट्या खटल्यांची आमच्याकडची रीत ठरलेली असते. पत्ते खेळताना सापडलेले, दारू पिऊन चौकात भाषण केलेले, मागे लाल दिवा न लावता उसाची ट्रॉली रस्त्यावर आणलेले, बांधावरून हमरीतुमरीवर आलेले. या लोकांना खटला नको असतो. ऊसतोड चालू असते, टोळी रानात आलेली असते, आणि तारखेला यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. मग ते येतात, नाव पुकारलं की पिंजऱ्यात चढतात आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत "कबूल हाय साहेब" म्हणून मोकळे होतात. साहेब दंड सांगतात, दंड भरला की माणूस रानात. पोलीस खूश, आरोपी खूश, आणि इतके खटले निकाली निघाले म्हणून वर कळवायला मिळालं की मीही खूश.

आमचे साहेब मात्र खूश नसत. त्यांचं म्हणणं असं, की कायद्यानं कबुली शक्यतो आरोपीच्याच शब्दांत लिहून घ्यायला सांगितलीय, आणि घेतलेली कबुली मानायची की नाही तेही न्यायाधीशावर सोपवलंय. मग सगळ्यांच्या कबुलीचं वाक्य एकच कसं? "मला गुन्हा कबूल आहे," हे वाक्य ते स्टेनोच्या पडद्यावर बोट ठेवून वाचायचे आणि म्हणायचे, "हे यांचं नाही, हे आपल्या कॉम्प्युटरचं आहे. यांचं काय म्हणणं आहे?"

साहेब कोकणातले. उंच, वाळके, गळ्याचा पांढरा पट्टा कायम एका बाजूला सरकलेला. गालात लवंग. दारुड्यालासुद्धा अहो-जाहो करायचे. आरोपी बोलायला लागला की चष्मा काढून कपाळावर चढवायचे, आणि तो चष्मा वर गेला की आम्ही समजायचो, आजची जेवणाची सुट्टी गेली. उसातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण त्याची लाज म्हणून नाही. भर कोर्टात विचारायचे, "पाचट म्हणजे काय हो?" की सगळं बाकडं एकदम सांगायला उठायचं. मग पट्टेवाला सगळ्यांना गप्प करायचा आणि स्वतःच सांगायला लागायचा.

आणि चहा. कबुली द्यायला आलेल्या प्रत्येकाला ते आधी बाहेर पाठवत. "जा, समोर चहा घ्या, आणि खरंच काय झालं ते आठवून या." आमच्या समोरच्या टपरीवाल्यानं त्यांच्या कारकिर्दीत टपरीला पत्रा घातला, फरशी बसवली आणि साहेबांची बदली होऊ नये म्हणून देवाला नारळ ठेवला. चहा पिऊन येणारे निम्मे तरी वेगळंच काहीतरी सांगत. एकदा जत्रेतल्या जुगाराच्या खटल्यात सगळ्यांनी ओळीनं कबूल कबूल केलं. शेवटचा एक म्हातारा होता. चहा पिऊन आल्यावर साहेबांनी त्याला विचारलं, तुमच्या हातात कुठली पानं होती? म्हातारा म्हणाला, मला बदाम आन किलवर सारखंच दिसतंय. मग तिथं काय करत होता? तर म्हणे चिंचेखाली सावलीला बसलो होतो, सगळे पळाले म्हणून मी बी पळालो, आणि सगळ्यांत हळू पळालो म्हणून सापडलो. मग कबूल का केलं? "सगळ्यांनी केलं. एकटाच न्हाय म्हणलो तर बरं दिसंल का?"

साहेब इतके हसले की लवंग गिळली. म्हाताऱ्याची कबुली अर्थातच गेली केराच्या टोपलीत, आणि मला पुढं त्याच्याविरुद्ध पुरावा काही सापडला नाही.

खरी कबुली आली की मात्र ते हरखून जायचे. वरकुट्याचे एक आबा होते, शेजाऱ्याला थोबाडीत मारल्याचा खटला. चहा नको म्हणाले, मला सगळं ध्यानात हाय. उजव्या हातानं मारली, एकच मारली, आधी चष्मा काढून ठेवला आणि मग मारली. साहेबांनी विचारलं, कुणाचा चष्मा? "त्याचा. फुटला आस्ता की," आबा म्हणाले. साहेबांनी ते सगळं, चष्म्यासकट, जसंच्या तसं टाइप करायला लावलं. स्टेनो बिचारी बोटं मोडत बसली. दंड सुनावताना साहेब म्हणाले, "चष्म्याची काळजी घेतलीत म्हणून कमी लावतोय," आणि नंतर माझ्याकडे वळून, "मॅडम, याला म्हणतात कबुली." जणू काही मीच ती पिकवून आणली होती.

हे वेड कोर्टापुरतं असेल असं मला वाटायचं. एकदा रविवारी बारामतीत भिगवण चौकाजवळ भाजी घेत होते, तर समोर साहेब. साधा शर्ट, हातात पिशवी, स्कूटर नको तिथं लावलेली, आणि वाहतूक हवालदार पावती फाडायच्या तयारीत. साहेबांनी आपण कोण ते सांगितलं नाही. मीही गंमत बघत थांबले. साहेब त्याला म्हणत होते, दंड भरतो, पण माझं म्हणणं आधी ऐका. पाटी मला दिसली होती. दिसली नाही असं मी म्हणणार नाही. पण पलीकडे नारळ चांगले दिसले आणि मोह झाला. हवालदार कंटाळून म्हणाला, "आजोबा, नुसतं हो म्हना आन जावा की घरी." साहेबांनी पैसे दिले, पावती नीट घडी करून खिशात ठेवली आणि मला पाहून म्हणाले, "बघा, यानं ऐकूनच घेतलं नाही." खरंच हिरमुसले होते.

असं हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण शेळगावच्या त्या मुलीच्या वेळी मात्र मला साहेबांचा भयंकर राग आला.

मुलगी धनगराची. घरात पूर्वीपासून मेंढ्या, आता थोडी शेती आणि थोड्या मेंढ्या. ही पोरगी पहाटे कालव्याच्या रस्त्यानं पळायची, पोलीस भरतीची तयारी करायची, आणि भरतीत पासही झाली. यादीत नाव आलं. आता फक्त चारित्र्य पडताळणी राहिली होती, आणि नेमका तिच्या नावावर खटला. दुसऱ्याच्या रानात बेकायदा शिरून पिकाचं नुकसान केल्याचा. खटला चालू असेपर्यंत पडताळणी पुढं सरकणार नव्हती, आणि मुदत टळली तर नोकरी दुसऱ्याला. घरच्यांनी, गावानं, ओळखीच्या सगळ्यांनी तिला एकच सांगितलं होतं, कबूल करून टाक, दंड भर, मोकळी हो.

तर ती आली. पंजाबी ड्रेस, पायात पळायचे बूट, पाठ ताठ. मी दोषारोप वाचून दाखवला. माझं शेवटचं वाक्य संपायच्या आधी ती म्हणाली, गुन्हा कबूल हाय. साहेबांनी चहाला जायला सांगितलं, तर म्हणाली, चहा नको साहेब, मी घेत न्हाय. मग साहेबांचा चष्मा वर गेला आणि त्यांनी विचारलं, "बरं. कसा केला?"

तिनं सांगितलं ते असं. आमच्याकडे रानात मेंढ्या बसवतात. शेतकरी धनगराला बोलावतो, धनगर जाळीची वाघर लावून रात्रभर मेंढ्या त्या रानात ठेवतो, रानाला खत मिळतं आणि धनगराला धान्य. गावातल्या थोरल्या तात्यांनी तिच्या वडलांना फोन करून बोलावलं होतं, विहिरीखालच्या रानात बसवा म्हणून. वडलांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून ही गेली. विहिरीखाली गेली तर ऊस तुटून गेलेला, सगळीकडे पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पसरलेलं. दिवस मावळत आलेला. तिनं वाघर लावली. सकाळी कळलं, की त्या रानाची दोघा भावांत वाटणी झालीय, निम्मं तात्यांचं आणि निम्मं धाकट्या भावाचं. मेंढ्या बसल्या धाकट्याच्या निम्म्यात. तात्या आपला ऊस मोडून नवीन लागण करणार होते, पण धाकट्यानं खोडवा ठेवला होता. म्हणजे तुटल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा ऊस फुटायचा होता, आणि पाचटाखाली आलेले ते कोवळे फुटवे मेंढ्यांनी खाल्ले. भावाभावांत आधीच बोलणं नव्हतं. धाकट्यानं केस केली ती हिच्यावर.

साहेब सावकाश म्हणाले, "वाघर लावली तेव्हा रान कुणाचं वाटलं तुम्हाला?"

"थोरल्या तात्यांचं."

"मग तुम्ही फक्त मेंढ्या बसवल्या. गुन्हा कुठं केलात?"

पोरगी इतका वेळ ताठ उभी होती, तिचा आवाज तिथं फुटला. "साहेब, केला का न्हाय ते मला नगं. मला आज मोकळं करा. मी दोन वर्षं पळतीया."

साहेबांनी चष्मा खाली घेतला. म्हणाले, "ताई, मी आज दंड लावला की तुम्ही मोकळ्या नाही होणार. दंड संध्याकाळपर्यंत विसराल. पण गुन्हा सिद्ध झाला होता का, असं जो कोणी विचारेल त्याला जन्मभर हो म्हणावं लागेल. आणि पहिला विचारणारा तुमचा पोलीस खात्याचा साहेबच असेल." मग स्टेनोला सांगितलं, कबुली नाकारली, खटला चालवायचा, पुढच्याच आठवड्यात. मुलीला फुकट वकीलही लगेच नेमून दिला.

मी आतून धुमसत होते. कायद्यानं माणूस बरोबर होता, ते काय मला कळत नव्हतं? पण खटले असे आठवड्यात संपतात का कुठं? साक्षीदार येत नाहीत, आले तर वकील नसतो, दोघं असले तर वीज जाते. तोवर पोरीची मुदत टळली असती, मग साहेबांचा शुद्धपणा काय चाटायचा होता? ती बाहेर गाड्यांच्या आडोशाला उभी राहून रडत होती. मी जवळ गेले, पण तिच्यावर खटला चालवणारी बाई मी, तिला काय सांगणार? पिशवीतला पेरू दिला आणि परत आले. येता येता साहेबांच्या केबिनमध्ये डोकावून म्हणाले, की तुमच्या त्या आरोपीच्या शब्दांपायी पोरीची नोकरी जाणार. साहेब म्हणाले, "मग तुम्ही साक्षीदार वेळेवर आणा. ते काम तुमचंच आहे ना?"

असा राग आला म्हणून सांगू. पण त्या रागातच मी पदर खोचला. फोनवर फोन केले, पोलिसांच्या मागे लागले, समन्स त्याच दिवशी पाठवलं. आरोपीला लवकर सोडवायला सरकारी वकील धावतेय, असं इंदापूरनं पहिल्यांदाच पाहिलं असेल.

ठरल्या दिवशी धाकटा भाऊ साक्षीला आला. मी विचारलं, त्यानं सांगितलं, मेंढ्या माझ्या रानात बसल्या, खोडवा खाल्ला, लई नुकसान झालं. मुलीच्या वकिलानं विचारलं, बांध आहे का? बांध अजून घातलेला न्हाय म्हणाला. थोरले तात्या त्या मुलीकडून साक्ष द्यायला आले होते, म्हणून त्यांना बाहेर ठेवलं होतं. पण कोर्टाचं दार काही लागत नाही, आणि तात्यांचा फेटा चौकटीतून आत डोकावत होता. धाकट्याचा डोळा सारखा तिकडे.

साहेबांचा चष्मा वर गेला. "आता खोडवा कसा आहे तुमचा?"

धाकटा अडकला. वाईट म्हणावं तर दारात थोरला ऐकतोय, आणि भावासमोर आपला ऊस वाईट म्हणणं त्याच्या अगदी जिवावर आलं. चांगला म्हणावं तर केस गेली. बराच वेळ त्यानं पिंजऱ्याच्या कठड्यावर बोटं वाजवली. शेवटी म्हणाला, "जोरात हाय साहेब. फुटवा दुप्पट आलाय. लेंडीखत बसलं न्हवं." आणि मग राहवेना म्हणून दाराकडे हात करून, "ह्यांच्या लागणीपेक्षा तर लईच चांगला हाय."

अख्खं कोर्ट हसलं. पट्टेवाला हसला, स्टेनो टाइप करता करता हसली, धाकटा स्वतःसुद्धा हसला. मग तात्या आत आले, शपथ घेतली आणि सरळ म्हणाले, "मीच बोलावल्या मेंढ्या. ईहिरीखालचं रान म्हणलं. दोघांचं बी ईहिरीखालीच हाय, ते माज्या ध्यानातच आलं न्हाय. वाटणी हून वरीस बी झालं न्हाय, जिभंला अजून सवय न्हाय." हे बोलताना ते साहेबांकडे बघतच नव्हते, भावाकडे बघत होते.

धाकटा मागून उठला आणि म्हणाला, मला न्हाय चालवायचं साहेब, मिटवून टाका. साहेबांनी मुलीला समजावलं. तक्रारदार तडजोडीला तयार आहे, तडजोड केली तर आत्ता या क्षणी खटला संपेल. निकालच हवा असेल तर मला लिहावा लागेल, उद्या देईन, आणि काय देईन ते आज सांगणार नाही. मी तिला डोळ्यांनी खुणावत होते, घे बाई तडजोड, घे आणि पळ. गेल्या आठवड्यात हिनं खोटी कबुली दिली असती, आज तर तिला नुसती मान हलवायची होती.

ती म्हणाली, "न्हाय साहेब. मिटवायला मी काय केलंच न्हाय. मेंढ्या बसवल्या, ते माझं चुकलं. पण गुन्हा न्हाय केला. तसं लिवून द्या."

साहेबांनी स्टेनोकडे बघितलं आणि म्हणाले, "जसंच्या तसं." माझे डोळे वाहत होते, आणि सरकारी वकिलाला ते शोभत नाही म्हणून मी फाइलीत डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. निर्दोष. साहेबांनी रात्रीतून लिहिला होता, आणि निकालाची नक्कल तिच्या हातात पडेपर्यंत स्वतः जागचे हलले नाहीत. पोरगी ती नक्कल छातीशी धरून स्टँडकडे जी पळाली, ती भरतीच्या मैदानावरही तशी पळाली नसेल. मागे आवारात दोघे भाऊ भांडत होते. पुढच्या साली मेंढ्या आधी कुणाच्या रानात बसवायच्या, यावरून. वाटणीनंतरचं ते त्यांचं पहिलंच बोलणं होतं.

मुदतीच्या आत पडताळणी झाली. नेमणुकीचा आदेश हातात पडला त्या दिवशी ती कोर्टात पेढे घेऊन आली. सगळ्यांना वाटले. साहेबांसमोर डबा धरला, तर साहेबांनी दोन्ही हात मागे घेतले. म्हणाले, "अभिनंदन. पण माझ्यासमोर आरोपी म्हणून उभं राहिलेल्या माणसाकडून मी काही घेत नाही. तुम्ही निर्दोष असलात तरी." पोरीचं तोंड एवढंसं झालं. डबा धरलेला हात तसाच पुढे राहिला.

मला ते बघवेना. मी तशीच उठले, रस्ता ओलांडून मिठाईवाल्याकडे गेले, माझ्या पैशानं पावशेर पेढे घेतले आणि येऊन साहेबांच्या टेबलावर ठेवले. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. पेढ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही तर खटला हरलात, मॅडम. हे कुणातर्फे?"

"सरकारतर्फे," मी म्हणाले.

साहेबांनी एक उचलून तोंडात टाकला आणि दुसरा त्या मुलीच्या हातावर ठेवला.